तांब्याच्या तारेकडून काचेच्या तंतूकडे : घरचा फोन बदलताना

घरचा जुना लँडलाईन फोन काढून टाकावा आणि केबलवाल्याच्या किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जोडणीवर नवा फोन घ्यावा का, हा प्रश्न हल्ली पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत निघतो. चर्चा साधारणपणे बिलापासून सुरू होते आणि बिलापाशीच संपते : जुन्याचे मासिक भाडे किती, नव्यात फोन फुकट मिळतो का, इंटरनेटचा वेग किती. मला स्वतःला हा बदल पटलेला आहे आणि कोथरूडच्या आमच्या घरी तो आम्ही केलाही आहे. मात्र सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या घरी तोच बदल करायची वेळ आली, तेव्हा ज्या गोष्टी तपासाव्या लागल्या त्यांवरून माझे असे ठाम मत झाले आहे की, हा हिशेब केवळ पैशांत मांडणे अपुरे आहे. जुना फोन चालू ठेवण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या कोणाची तरी होती. नव्या फोनमध्ये त्या जबाबदारीचा मोठा वाटा आपल्या घरात, आपल्या विजेच्या प्लगपाशी येऊन थांबतो, आणि ही गोष्ट जोडणी विकायला येणारा माणूस सहसा सांगत नाही.

जुन्या फोनला घरातली वीज लागत नसे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले होते की त्यामागे केवढी व्यवस्था उभी आहे याचा विचार करण्याची वेळ कधी आलीच नाही. भिंतीवरच्या ज्या लहान चौकोनी पेटीला लाईनमन रोझेट म्हणतात, त्या पेटीत येणाऱ्या दोन बारीक तांब्याच्या तारा रस्त्याखालून, चौकातल्या लोखंडी कपाटातून थेट टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत गेलेल्या असतात. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टच्या २४ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची माळ जोडलेली असते आणि तिच्यातून निघणारे ४८ व्होल्ट चोवीस तास प्रत्येक घराच्या रोझेटपर्यंत पोहोचलेले असतात. आपण रिसीव्हर उचलला की परिपथ पूर्ण होतो, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि डायल टोन ऐकू येतो. समोरच्याचा फोन आला की त्याच दोन तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो आणि घंटी वाजते. शहराची वीज गेली तर एक्स्चेंजच्या बॅटऱ्या भार घेतात, आणि बॅटऱ्या उतरू लागल्या तर डिझेलचा जनित्र संच सुरू होतो. वस्तीत मिट्ट काळोख असताना घरातला फोन मात्र खणखणीत वाजत असे, त्याचे कारण हे.

नवा फोन बहुधा काचेच्या तंतूवरून, म्हणजे ऑप्टिकल फायबरवरून येतो, आणि काचेतून वीज वाहत नाही. नव्या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा फरक इतक्या एका वाक्यात सांगता येतो. प्रकाशाचे किरण काचेच्या तंतूतून कित्येक किलोमीटर जवळजवळ न मंदावता जातात, पण तंतूच्या टोकाला बसवलेले उपकरण (मोडेम किंवा राऊटर) चालवण्यासाठी लागणारी वीज ते आपल्याबरोबर आणू शकत नाहीत. ते उपकरण आपल्या घरात असते आणि आपल्या मीटरवर चालते.

नव्या फोनमध्ये आवाजाचे नेमके काय होते, हेही थोडे समजून घेतलेले बरे. आपण जुन्याच तऱ्हेचा टेलिफोन त्या उपकरणाच्या मागच्या फोनच्या खाचेत लावतो. उपकरण आपल्या आवाजाचे दर सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेते, प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहिते आणि अशा प्रकारे तयार झालेला सेकंदाला ६४ किलोबिटांचा ओघ लहान लहान पाकिटांत बांधून पुढे पाठवते. ही मोजणी नवी नाही. डिजिटल एक्स्चेंज आली तेव्हापासून हेच काम एक्स्चेंजमध्ये होत होते. आता ते दिवाणखान्यात होऊ लागले आहे, एवढाच बदल आहे. म्हणून "इंटरनेटवरचा फोन, म्हणजे आवाज तुटणारच" ही भीती चांगल्या जोडणीच्या बाबतीत निराधार आहे. घरच्या फोनचा आवाज कंपनी आपल्या स्वतःच्या जाळ्यात वेगळ्या मार्गिकेतून आणि अग्रक्रमाने नेते, त्यामुळे मुलगा शेजारच्या खोलीत चित्रपट पाहत असला तरी आजीच्या बोलण्यात खंड पडू नये अशी ती रचना असते. मोबाइलमधल्या एखाद्या अ‍ॅपवरून केलेला फोन आणि हा फोन यांत फरक आहे तो इथेच.

आता पुण्यात "केबलवरचा फोन" म्हणून जे काही मिळते, ते सगळे एकाच जातीचे नसते. कोणत्या तऱ्हेची जोडणी आपल्या इमारतीत येणार आहे, हे विचारल्याशिवाय कोणीही अर्जावर सही करू नये. पुण्यासह ३८ शहरांत केबल टीव्ही डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्या सुमारास आणि त्यानंतर अनेक केबलचालकांनी टीव्हीच्या जोडीने इंटरनेट विकायला सुरुवात केली. काही ठिकाणी ते टीव्हीच्या त्याच काळ्या जाड केबलमधून येते. कित्येक जुन्या इमारतींत काचेचा तंतू फक्त इमारतीपर्यंत येतो. गच्चीवर किंवा जिन्याखाली एका पत्र्याच्या पेटीत इंटरनेटची जोडणी घराघरांत वाटून देणारे, स्विच नावाचे यंत्र बसवलेले असते आणि तिथून प्रत्येक घरात निळी किंवा करडी लॅन केबल सोडलेली असते. आणि तिसऱ्या प्रकारात काचेचा तंतू थेट घरात येतो.

यातला दुसरा प्रकार फोनच्या दृष्टीने सर्वांत फसवा आहे. जिन्याखालच्या त्या पेटीतल्या स्विचला वीज लागते आणि ती बहुधा सोसायटीच्या सामायिक मीटरवरून घेतलेली असते. इमारतीची वीज गेली की तुमच्या घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही, कारण तुमच्या उपकरणापर्यंत येणारी वाटच बंद पडलेली असते. याउलट थेट घरापर्यंत येणाऱ्या तंतूच्या जोडणीत कंपनीचे केंद्र आणि आपले घर यांच्यामध्ये जे फाटे फोडणारे विभाजक असतात, ते निव्वळ काचेचे असतात आणि त्यांना विजेची गरजच नसते. एका तंतूवर ३२ घरे असली तरी मध्ये कुठेही बॅटरी नाही, प्लग नाही. अशा जोडणीत एका टोकाला कंपनीचे केंद्र आणि दुसऱ्या टोकाला आपले उपकरण, एवढ्या दोनच ठिकाणी विजेची सोय असली की फोन चालतो. माझ्या मते कंपनीचे नाव, वेग, दर या सगळ्यांच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे : "घरात येणारी वायर काचेची आहे का, आणि मध्ये विजेवर चालणारी पेटी आहे का?" उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर जिन्याखाली जाऊन आपणच पाहावे. पंख्याची घरघर आणि हिरवे लुकलुकणारे दिवे दिसले की काय ते कळते.

सासूबाईंच्या इमारतीत आम्ही तसेच पाहिले. सुदैवाने तिथे शाफ्टमधून थेट घरात तंतू आणता येत होता. जोडणीला आलेला मुलगा तरबेज होता. पिवळ्या आवरणातून त्याने तंतू सोलून काढला तेव्हा सासूबाई चष्मा लावून अगदी जवळ येऊन पाहत होत्या. आवरण काढल्यावर उरणारी काच सव्वाशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याने ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, एका लहानशा हत्याराने तिचे टोक सरळ कापले आणि उडालेला काचेचा तुकडा जमिनीवर पडू न देता चिकटपट्टीवर टिपून घेतला. "आजी, हे पायात गेलं तर दिसत पण नाही आणि निघत पण नाही," असे त्याने सांगितले, आणि ते खरे आहे. ज्यांच्या घरी रांगते मूल किंवा अनवाणी वावरणारे म्हातारे माणूस आहे, त्यांनी जोडणीच्या वेळी तिथे उभे राहून हे तुकडे गोळा केले जातात की नाही हे अवश्य पाहावे. मग त्याने मीटर लावून प्रकाशाची पातळी मोजली, उपकरण भिंतीवर बसवले आणि फोन लावला. डायल टोन आला. सासूबाईंनी लगेच ठाण्याला त्यांच्या बहिणीला फोन केला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : "अगं, तू अगदी इथे बसल्यासारखी बोलते आहेस."

हा फायदा मी सर्वांत वर धरते. जुन्या तांब्याच्या लाईनवर, विशेषतः पावसाळ्यात, जी खरखर असे ती वृद्ध माणसांना फार त्रास देते. ज्यांना मुळातच कमी ऐकू येते, त्यांचे अर्धे संभाषण त्या खरखरीत हरवते, आणि मग ते फोन करणेच टाळू लागतात. तांब्याच्या सांध्यात पाणी शिरले की गंज चढतो, दोन तारांमध्ये गळती सुरू होते, शेजारच्या लाईनवरचे बोलणे ऐकू येऊ लागते आणि शेवटी लाईन डेड होते. रस्ते खोदाईच्या काळात तर शे-दोनशे जोड्यांची केबल एका घावात तुटते आणि ती पुन्हा सांधताना प्रत्येक जोडी हुडकून, रंग जुळवून जोडावी लागते. मेट्रोचे, पाण्याच्या वाहिन्यांचे, मलनिस्सारणाचे असे एकामागून एक खोदकाम ज्या शहराने पाहिले आहे, तिथे जमिनीखालच्या तांब्याचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको. काचेच्या तंतूत वीजच नसल्यामुळे पाण्याने गळती होण्याचा प्रश्न येत नाही आणि गंज चढत नाही. दूरवर कुठे वीज पडली तर जुन्या लाईनवरून दाब येऊन मोडेम जळत असे, तो धोकाही तंतूच्या बाजूने राहत नाही.

तंतूची दुखणी वेगळी आहेत. तो वाकवलेला आवडत नाही. आमच्या कोथरूडच्या घरी रंगकामाच्या वेळी कपाट सरकवले गेले आणि भिंतीलगतचा तंतू कपाटाच्या पायाखाली दुमडला. उपकरणावर लॉस नावाचा लाल दिवा लागला आणि इंटरनेट, टीव्ही, फोन हे तिन्ही एकदम गेले. जुन्या काळी हे तीन वेगळे होते : टीव्ही गेला तर फोनवरून तक्रार करता येई, फोन गेला तर टीव्ही चालू असे. एकाच तंतूवर सगळे आणल्यावर तो तंतू तुटला की घर एकदम मुके होते. उंदीर आणि घुशी तंतूचे आवरण कुरतडतात. पेठांमधल्या जुन्या इमारतींत हा प्रकार सर्रास घडतो. शिवाय पुण्यात अजूनही कितीतरी जोडण्या झाडांवरून आणि दिव्याच्या खांबांवरून लोंबकळत जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी शहरात ठिकठिकाणी झाडे पडली. अशा वेळी झाडावरून गेलेली केबल टिकण्याची अपेक्षा कोणी करू नये. वायर जमिनीखालून येते की वरून, हाही म्हणून विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता विजेविषयी सविस्तर. पुणेकरांना गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद, हे समीकरण नवीन नाही. पण नियोजित बंदची अडचण फारशी नसते, कारण तिची सूचना मिळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका पहाटे उच्चदाब वाहिन्यांतल्या बिघाडामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या भागाची वीज गेली, तशा प्रसंगी किंवा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तशा वेळी खरा कस लागतो. नेमक्या त्याच वेळी प्रत्येकाला फोन हवा असतो, मोबाइलच्या मनोऱ्यांवर ताण येतो आणि मनोऱ्यांच्या बॅटऱ्यांनाही मर्यादा असते. अशा रात्री एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या उशाशी वाजणारा फोन असणे, याची किंमत दरपत्रकात दिसत नाही.

ही सोय करणे अवघड नाही, पण ती समजून करावी लागते. बाजारात राऊटरसाठी लहान यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर भार घेणाऱ्या बॅटरीच्या पेट्या मिळतात. त्यांच्या खोक्यावर ८,००० मिलिअँपिअर-तास असा मोठा आकडा छापलेला असतो आणि लोक त्यावर भाळतात. हा आकडा आतल्या लिथियम घटांच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. आपले उपकरण मात्र बहुधा १२ व्होल्टवर चालते, आणि तिथे तोच साठा साधारण अडीच हजार मिलिअँपिअर-तास एवढाच भरतो. उपकरण आठ ते दहा वॉट खात असेल तर असा यूपीएस नवा असताना अडीच ते तीन तास चालेल, आणि घट जुने होतील तसतसा हा वेळ कमी होत जाईल. म्हणून खोक्यावरच्या मिलिअँपिअरपेक्षा वॉट-तास पाहावेत आणि त्याला उपकरणाच्या वॉटने भागावे, म्हणजे आपल्याला खरे किती तास मिळणार ते कळते. घराला इन्व्हर्टर असेल तर उपकरणाचा प्लग इन्व्हर्टरच्या वायरिंगवर घेणे सर्वांत उत्तम. फक्त काही इन्व्हर्टर वीज जाताना क्षणभर अडखळतात, तेवढ्यात उपकरण बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि फोनला डायल टोन यायला दोन-तीन मिनिटे लागतात. सासूबाईंकडे आम्ही इन्व्हर्टर आणि लहान यूपीएस असे दोन्ही एकापुढे एक लावले, त्यामुळे ते अडखळणेही थांबले. दर काही महिन्यांनी मुख्य स्विच बंद करून फोन किती वेळ चालतो ते पाहण्याचे काम माझ्या नवऱ्याने स्वतःकडे घेतले आहे. पूर्वी एक्स्चेंजमधला बॅटरी-खोलीचा कर्मचारी जे काम करत असे, ते आता घरातल्या कोणाला तरी करावेच लागते, आणि ते कोण करणार हे ठरवल्याशिवाय तांब्याची लाईन सोडू नये, असे मी प्रत्येकाला सांगते.

फोनचे यंत्र कोणते ठेवावे, यातही थोडा विवेक हवा. कॉर्डलेस फोनच्या तळाला वेगळी वीज लागते, म्हणजे विजेवर अवलंबून असलेली आणखी एक कडी वाढली. वृद्धांसाठी मोठ्या बटणांचा, साध्या वायरचा फोनच बरा. फिरत्या तबकडीचा जुना काळा फोन बहुतेक नव्या उपकरणांवर येणारे फोन घेतो, पण त्यावरून नंबर फिरवता येत नाही, कारण ही उपकरणे बहुधा तबकडीचे ठोके ओळखत नाहीत. त्यांना बटणांचे सूर लागतात. सासूबाईंच्या घरी आतल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात पूर्वीपासून जोडफोन होते. ते चालू ठेवता येतात, पण त्यासाठी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून आधी पूर्ण सोडवून घ्यावी लागते आणि मग उपकरणाच्या फोनच्या खाचेतून घरातल्या वायरिंगला जोडणी द्यावी लागते. बाहेरची लाईन तशीच ठेवून हे केले तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट नव्या उपकरणावर येऊन ते बिघडू शकते. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त यंत्रे वाजवण्याची ताकदही या उपकरणांत सहसा नसते.

नंबरचा प्रश्न अनेकांना सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो आणि तो तसा आहेच. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, पण लँडलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेण्याची तशी सोय आपल्याकडे नाही. म्हणजे कंपनी बदलली की ०२० नंतरचे आठही आकडे बदलणार. त्याच कंपनीकडे राहून तांब्याऐवजी तंतू घेतला तर जुना नंबर कायम राहू शकतो. म्हणून नंबर प्रिय असेल त्यांनी आधी आपल्या सध्याच्या कंपनीकडे ही चौकशी करावी. हा नंबर कुठे कुठे दिलेला आहे याची यादी काढायला बसले की थक्क व्हायला होते : बँक, गॅस एजन्सी, महावितरण, विमा, डॉक्टर, सोसायटीची वही, औषधाचे दुकान, आणि गावाकडचे असे कितीतरी नातेवाईक ज्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तो पेन्सिलीने लिहिलेला आहे. आमच्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर पुण्याचा जुना ०२१२ हा कोड आणि सहा आकडी नंबर छापलेला सापडतो. नंबर याआधीही बदलले आहेत आणि आपण ते निभावले आहे. पण तेव्हा बदल सगळ्या शहराचा होता, म्हणून सगळ्यांना ठाऊक होता. आता तो एकट्या घराचा असतो आणि सगळ्यांना कळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

यासाठी मी सुचवते तो उपाय खर्चिक आहे, तरीही करावा : जुनी आणि नवी अशा दोन्ही लाईनी काही महिने एकत्र चालू ठेवाव्यात. जुन्यावर जो कोणी फोन करील त्याला तिथल्या तिथे नवा नंबर सांगावा. पावसाळ्याचा एखादा महिना त्यात आला तर फारच चांगले, कारण जोडणीची खरी परीक्षा पुण्यात जुलैमध्ये होते, मार्चमध्ये नव्हे. त्यानंतर जुनी लाईन रीतसर अर्ज देऊन बंद करावी, कंपनीने दिलेले यंत्र परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम परत मागावी. कित्येक घरांतून ही अनामत नुसत्या विस्मरणामुळे पडून राहते.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. नव्या जोडणीत देशभरचे फोन बहुधा योजनेतच धरलेले असतात, आणि एसटीडीचे दर पाहून रात्रीची वाट पाहण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. तथापि जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो हे ध्यानात धरावे, बसवणीचा खर्च आणि उपकरणाची अनामत विचारावी, आणि सहा महिन्यांच्या आगाऊ पैशांवर दिलेली सवलत मध्येच जोडणी सोडल्यास परत मिळते का, हे लेखी घ्यावे. ज्या घरात इंटरनेट हवेच आहे, तिथे फोन जवळपास वेगळ्या खर्चाशिवाय येतो. ज्या घरात इंटरनेटचा काहीच उपयोग नाही, तिथे मात्र हा व्यवहार स्वस्त पडेलच असे नाही.

मोबाइल असताना लँडलाईन हवाच कशाला, असे धाकटी मंडळी विचारतात. वृद्ध माणसाचा मोबाइल चार्ज करायचा राहतो, उशीखाली दडपला जातो, नको त्या ठिकाणी बोट लागून आवाज बंद होतो. घरच्या फोनची जागा ठरलेली असते आणि अंधारातही हात तिथे जातो. शिवाय तो घराचा फोन असतो, कोणा एकाचा नव्हे. घरात जो असेल तो उचलतो. सासूबाईंकडे कामाला येणाऱ्या मावशी सासूबाई आंघोळीला गेल्या असताना निर्धास्तपणे फोन उचलून निरोप घेतात. दुसऱ्याच्या मोबाइलला त्या हात लावणार नाहीत.

काही लहान बाबी सांगायच्या राहतात, पण अडचणीच्या वेळी त्याच मोठ्या होतात. लँडलाईनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य फिरवावे लागते. यंत्रात साठवलेले जुने नंबर त्याप्रमाणे दुरुस्त केलेले नसतील तर नव्या जोडणीला उगाच दोष दिला जातो. जोडणी झाल्यावर लगेच आपल्या डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा आणि मुलांचा नंबर प्रत्यक्ष लावून पाहावा. आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक फोनशेजारी ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि कंपनीकडे नोंदवलेला पत्ता मजला व इमारतीच्या नावासह अचूक आहे का, हे पहिल्या बिलावर तपासावे. घराला चोरीचा इशारा देणारी यंत्रणा किंवा लिफ्टमधला फोन तांब्याच्या लाईनवर जोडलेला असेल, तर तो नव्या जोडणीवर चालतो का हे यंत्रणा बसवणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय जुनी लाईन तोडू नये. दवाखाने आणि वकिलांच्या कार्यालयांतले फॅक्सही या जोडणीवर अनेकदा अडतात.

तक्रारीची पद्धत बदलते, हेही सांगायला हवे. पूर्वी भागातला लाईनमन ओळखीचा असे, वाटेत भेटला तरी सांगता येई. आता बऱ्याच ठिकाणी जोडणी कंपनीची, वायर स्थानिक केबलचालकाची आणि दुरुस्तीला येणारा मुलगा तिसऱ्याच कंत्राटदाराचा, अशी साखळी असते. फोन बंद पडला की प्रत्येक जण पुढच्याचे नाव सांगतो. म्हणून केबलचालकाच्या मुलाला मोबाइलवर सांगून थांबू नये. कंपनीच्या ग्राहक केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. तेवढ्याने काम झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे तो क्रमांक लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार क्षेत्राचे नियमन करणारी सरकारी संस्था, वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये.

या सगळ्याचा विचार करून माझा सल्ला घराघराप्रमाणे वेगळा असतो. दोन-तीन मोबाइल आणि इन्व्हर्टर असलेल्या, तरुण माणसांच्या घराने निःशंकपणे तंतूवर जावे. एकट्या वृद्धांच्या घरीही जावे, पण थेट घरापर्यंत काच येत असेल, विजेची दुहेरी सोय झाली असेल आणि ती तपासणारे माणूस ठरले असेल तरच. ज्यांच्या इमारतीत अजून जिन्याखालच्या पेटीतून लॅन केबल येते आणि ज्यांची तांब्याची लाईन आज स्वच्छ चालते आहे, त्यांनी ती सोडण्याची घाई करू नये. आधी सोसायटीच्या सभेत त्या पेटीला सामायिक इन्व्हर्टरवरून वीज देण्याचा किंवा प्रत्येक घरात तंतू आणण्याचा ठराव मांडावा. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने यातला पहिला मार्ग धरला. लिफ्टच्या बॅकअपवरून त्या पेटीपर्यंत एक वायर ओढून घेणे, एवढेच काम होते. इलेक्ट्रिशियनने ते एका दुपारी केले.